लिमिटेड एडिशन लागर आणलीय? मग घटाघट संपवायच्या आधी हे करून बघा

मे महिन्यात रत्नागिरीला आमच्या घरी मुंबईची भावंडं उतरली की दुपारी आंबे, संध्याकाळी भाट्याची वाळू आणि रात्री ओटीवर काहीतरी थंड, हा कार्यक्रम वर्षानुवर्षं ठरलेला आहे. यावेळी आतेभाऊ बिअर शॉपीतून पुठ्ठ्याचा एक खोका घेऊन आला, आत चार पिंट, लेबलवर होडी, माड, लालभडक सूर्य, मोठ्या अक्षरात लिमिटेड एडिशन आणि वर एक ग्लास फुकट. ब्रुअरी देशभर खपणाऱ्यांपैकी नाही, आपल्याच बाजूची छोटी, तिची साधी लागर, म्हणजे नेहमीची सोनेरी बिअर, आम्ही आधी प्यायलेलो. आतेभाऊ म्हणे दादा, परत मिळणार नाही ही, आणि मालवणचा मामा आरामखुर्चीतूनच म्हणाला, "रोजचीच ती, फक्त कपडे बदलल्यान."

आता ह्यात खरं कोण ते ठरवायचं कसं, ह्यावरच हे सगळं लिहितोय. कारण अशी स्पेशल बाटली आणली की लोक दोनच गोष्टी करतात, एकतर फोटो काढून बर्फाळ थंड करून ढोसतात आणि म्हणतात वा मस्त, नाहीतर न पिताच म्हणतात सगळं मार्केटिंग. दोन्हींत चव कुणी घेतलेलीच नसते.

मार्केटिंग आहेच म्हणा. आपल्याकडे टीव्हीवर दारूची सरळ जाहिरात करता येत नाही, १९९४ च्या केबल टीव्हीच्या नियमांनी ती बंद आहे, म्हणून मग सोडा, पाण्याची बाटली, म्युझिक असल्या आडवाटेने नाव दाखवतात. अशा वेळी दुकानाच्या फळीवरची बाटली हीच सगळ्यात मोठी जाहिरात, त्यामुळे दर थोड्या दिवसांनी लेबल बदलणं कंपनीला परवडतं. आतली बिअर बदलायची तर माल्ट, म्हणजे बिअरचं मूळ धान्य, वेगळा, टाक्या वेगळ्या अडकवायच्या, लागर असेल तर त्या आठवडेच्या आठवडे अडकून पडणार. लेबल काय, प्रेसमधून छापून आलं की झालं. म्हणून शंका घेणं बरोबरच, पण शंका तपासताही येते आणि त्याला लॅब लागत नाही.

सुरुवात दुकानातूनच करा. स्पेशलबरोबर त्याच ब्रुअरीची साधी लागर पण घ्या, आणि दोन्ही एकाच प्रकारात, म्हणजे पिंट तर पिंट, कॅन तर कॅन. हे विसरलात तर पुढचं सगळं फुकट, कारण मग तुम्ही बाटली आणि कॅनमधला फरक चाखत बसाल. तारीख बघा, दोन्हीची जवळजवळची हवी आणि जितकी ताजी तितकी बरी. बिअर म्हणजे काही लोणचं नाही मुरायला, साधी लागर तर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच प्यावी. दुकानदार दर्शनी फळीवरची बाटली काढून देत असेल तर गोड बोलून आतल्या खोक्यातली मागा, विशेषतः दुकान पश्चिमेला तोंड करून असेल तर. मला एकदा हायवेच्या एका दुकानातून उन्हात तापलेली बाटली मिळाली होती, घरी येऊन उघडली तर वास असा की आईने आधी जाऊन गॅसचा नॉब बघितला.

ही गंमत नाही हां, त्याला कारण आहे. हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांतून बिअरला जो कडवटपणा येतो त्या द्रव्यांवर ऊन पडलं की ती फुटतात आणि त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं, थायॉल म्हणतात त्या कुळातलं. स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून जो वास मुद्दाम घालतात तोही ह्याच कुळातला. इंग्रजी पुस्तकांत ह्या बिअरला स्कंक नावाच्या प्राण्याचा वास येतो असं लिहितात, पण तो आपल्या सात पिढ्यांत कुणी हुंगलेला नाही, तेव्हा आपण सिलिंडर किंवा जळकं रबर म्हणू. तपकिरी काच हे ऊन बऱ्यापैकी अडवते, हिरवी आणि पांढरी काच जवळपास अडवतच नाही, कॅनला तर प्रश्नच नाही. एकदा मुद्दाम करून बघा, हिरव्या बाटलीतली कुठलीही पिंट अर्धा तास अंगणात उन्हात ठेवा, मग गार करून दुसऱ्या सावलीतल्या बाटलीशेजारी हुंगा, आयुष्यात परत तो वास ओळखायला चुकणार नाही.

टक्के पण दुकानातच बघून घ्या. आपल्याकडे ५ टक्क्यांपर्यंतची माईल्ड आणि त्यावर ८ पर्यंतची स्ट्राँग. ८ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या बाटलीत ५२ मिली अल्कोहोल असतं, ५ टक्क्यांच्या ३३० च्या पिंटमध्ये साडेसोळा, म्हणजे तिपटीहून जास्त, आणि तरी लोक दोन्हीला एक बिअर असंच मोजतात. स्पेशल स्ट्राँग आणि साधी माईल्ड असेल तर तुलनेला अर्थच नाही, अल्कोहोलच्या उष्णतेवरूनच कळेल कोण कोणती ते. पण मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते मात्र आत्ता वाचायचे नाहीत, ते शेवटी. का ते पुढे कळेल.

आणि हो, महाराष्ट्रात बिअरला वयाची अट २१ आहे आणि कायद्याने प्यायला परमिट लागतं, एका दिवसाचं दुकानातच मिळतं. सावंतवाडीकडच्या मंडळींना वेगळं सांगायला नको, पण मुंबईहून आलेल्यांना सांगतो, गोव्यातली स्वस्त बाटली गाडीत टाकून बांद्यावरून इकडे आणू नका, इन्सुलीला नाका आहे आणि तिथे लिमिटेड एडिशन वगैरे ऐकून घेत नाहीत.

घरी आणलीत की बाटल्या फ्रीजमध्ये उभ्या ठेवा, दारात नको, दार सारखं उघडतं. लाईट गेली, जी मे महिन्यात जाणारच, तर बादलीत बर्फ, पाणी आणि दोन मुठी खडे मीठ घाला आणि बाटल्या गळ्यापर्यंत बुडवा, पंधरा मिनिटांत फ्रीजला लाजवेल इतकी गार होते. नुसता बर्फ घालू नका, पाणी असलं की गारवा बाटलीला सगळीकडून भिडतो. मच्छीवाल्याकडून आणलेला बर्फ ह्या कामाला चालतो, फक्त नंतर बाटली धुवून घ्या नाहीतर पहिल्याच वासाला बांगडा. फ्रीजरमध्ये ठेवून विसरू नका, आमच्याकडे एक फुटून झालीय आणि त्याचे तुकडे मटाराच्या पिशवीत सापडत होते.

प्यायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा. चव घ्यायला ५ ते ७ अंश बरं, त्याहून थंड असेल तर जीभ बधिर होते आणि वास वर येतच नाही, म्हणून तर वाईट बिअर एकदम चिल्ड प्या म्हणतात. कोकणातल्या उकाड्यात ग्लास हातात धरला की बघता बघता गरम होतो, तेव्हा थोडी थोडी ओता, बाटली परत बादलीत. बिअरमध्ये बर्फ टाकणाऱ्यांशी मी ह्या विषयावर बोलत नाही.

आता ग्लास. त्या खोक्यातला फुकटचा ग्लास सगळ्यांना भारी वाटतो पण तो पुठ्ठ्याच्या भुश्यासकट आलेला असतो, आधी धुवा. आणि धुवायचा कसा हे महत्त्वाचं, कारण बिअरच्या फेसाचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे तेलकटपणा आणि त्याच्या खालोखाल साबण. आपल्या घरात ग्लास ज्या घासणीने घासतात तिने त्याआधी खोबरेल तेलाची वाटी, माशाची कढई, सोलकढीचं पातेलं सगळं घासलेलं असतं. नवीन घासणी घ्या, थोडा लिक्विड साबण, मग भरपूर पाण्याने खळबळून पालथा घालून वाळवा, फडक्याने पुसू नका. खात्री करायची तर ओल्या ग्लासला आतून बारीक मीठ भुरभुरा, सगळीकडे सारखं चिकटलं तर स्वच्छ, जिथे चिकटलं नाही तिथे तेलाचा थर आहे. ओतल्यावरही कळतं, काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास घाण आहे, बिअरचा दोष नाही.

ओतताना ग्लास तिरका, अर्धा भरला की सरळ करून मधोमध ओता, दोन बोटं फेस येऊ द्या. फेस नको म्हणून काठाकाठाने ओतणारे पुष्कळ आहेत, त्यांचा गॅस मग पोटात जाऊन सुटतो आणि वर वासही येत नाही.

जागा कुठली? ओटी उत्तम, पण डासांची कॉइल विझवा, अगरबत्ती नको, आणि मासे अजून तव्यावर पडता कामा नयेत. हे सगळ्यात अवघड आहे मला माहितीय. आमच्याकडे मांदेली साफ करून मीठमसाला लावून ठेवली होती आणि मामा दर पाच मिनिटांनी स्वयंपाकघराकडे बघत होता, पण एकदा कढईत तेल तापलं की घरभर तोच वास, मग बिअरमधलं काय कळणार डोंबल. चखणा पण नंतर. मध्ये तोंड साफ करायला साधं पाणी आणि फार तर कोरडे, बिनमसाल्याचे भाजलेले पोहे. खारे शेंगदाणे, चकली, फरसाण लांब ठेवा.

आता मुख्य खेळ. एकाने आत जायचं, त्याने त्या फेरीत चाखायचं नाही, तो वाढपी. प्रत्येकासाठी तीन फुलपात्रं, स्टीलची, म्हणजे रंग दिसत नाही. दोन फुलपात्रांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, प्रत्येकी ४० मिली, खाली कागदाच्या चिठ्ठीवर नंबर. चाखणाऱ्याने एवढंच सांगायचं की तीनातली वेगळी कोणती. छान कुठली, महाग कुठली, स्पेशल कुठली हे विचारायचंच नाही. पुढच्या फेरीत वाढप्याने उलटं करायचं, दोनात स्पेशल एकात साधी, क्रमही बदलायचा. ह्याला त्रिकोणी चाचणी म्हणतात आणि ब्रुअरीवाले स्वतः हीच वापरतात. नुसता अंदाज मारला तरी तीनातून एकदा बरोबर येणारच, त्यामुळे एका फेरीवर उड्या मारू नका. तीन फेऱ्या घ्या, सलग तिन्ही बरोबर यायला नुसतं नशीब असेल तर ते २७ तून एकदाच. चार जणांच्या तीन फेऱ्यांना सगळी मिळून साधारण साडेचार पिंट लागतात, म्हणजे माणशी एका पिंटच्या आसपास, त्यामुळे डोकं पण जागेवर राहतं. मात्र चव कळत नाही म्हणून फेऱ्या वाढवत नेल्या तर चौथ्या-पाचव्याला सगळ्याच सारख्या लागतात आणि सगळ्याच छान.

चाखताना आधी नाक. फुलपात्र हलकंसं फिरवा, दोन छोटे श्वास, लांब ओढू नका. मग घोट, तोंडभर फिरू द्या, गिळा, आणि गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा, निम्मी चव तिथे कळते. वाईनवाल्यांसारखं थुंकू नका, कारण कडवटपणा गिळल्यानंतर किती वेळ रेंगाळतो हेच तर लागरमध्ये बघायचं असतं. आणि काय वाटलं ते बोलायच्या आधी कागदावर लिहा, एकाने केळं म्हटलं की सगळ्यांना केळं लागायला लागतं.

काय लिहायचं हा प्रश्न येतो, कारण बिअरच्या पुस्तकातले शब्द आपले नाहीत. क्रॅकर, ब्रेड क्रस्ट, असलं काही लिहू नका, आपल्या घरात वासांची कमी आहे का. माल्ट म्हणजे मोड आणून भाजलेलं सातू, तेव्हा त्याचा वास भाजणी भाजताना येतो तसा, किंवा भाकरीच्या फुगलेल्या पापुद्र्याचा, जास्त भाजलेला असेल तर नाचणीची भाकरी करपायला आल्यावर येतो तो. हॉप्सचा कडवटपणा कारल्यासारखा अंगावर येणारा आहे की मेथीसारखा मागून येणारा ते लिहा, वास ओल्या गवताचा, लिंबाच्या सालीचा, कधी मिरपुडीचा. तांदूळ घातलेली लागर अंगाने हलकी, पेजेच्या निवळीसारखी, गिळली की संपली. मका घातला असेल तर जरा गोडसर.

मग दोष. उकडलेल्या कणसाचा वास येत असेल तर ते फिक्या माल्टमधून येणारं गंधकाचं द्रव्य, लागरमध्ये थोडं चालतं, जास्त झालं की कणसाच्या गाडीशेजारी उभं राहिल्यासारखं. लोणी कढवल्याचा किंवा थेटरातल्या पॉपकॉर्नचा वास म्हणजे आंबवण पूर्ण व्हायच्या आधी घाई केली, आंबवणाऱ्या यीस्टला त्या वासाचं द्रव्य परत शोषून घ्यायला वेळच दिला नाही. हिरव्या सफरचंदाचा वास पण बहुतेक वेळा घाईचाच. भिजून सुकलेला पुठ्ठा, पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या जुन्या वह्या, हा हवा लागलेल्या किंवा जुन्या झालेल्या बिअरचा वास, कोकणातल्या माणसाला हा शिकवायला लागत नाही. व्हिनेगरचा आंबटपणा लागला तर सरळ बाजूला ठेवा.

लागरमध्ये हे दोष इतके उघडे का पडतात, तर तिला लपायला जागाच नाही. लागर हा शब्दच जर्मनमधला, साठवण ह्या अर्थाचा, कारण तिचं यीस्ट थंडीत, साधारण ७ ते १३ अंशांत, सावकाश काम करतं आणि नंतर बिअर आणखी थंडीत आठवडे-आठवडे नुसती ठेवून द्यायची असते. एल ही बिअरची दुसरी जात, तिचं यीस्ट उबेत झटपट आंबवतं आणि फळांचे वास सोडतं, त्या गर्दीत बारीकसारीक चुका खपून जातात. आज जगभर जी सोनेरी लागर पितात तिची आजी १८४२ मध्ये बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, पिल्सेन गावात योजेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन माणसाने केली, तिथलं पाणी एकदम मऊ म्हणून भरपूर हॉप्स घालूनही ती कडक नाही लागली. कडवटपणाचा आकडा असतो, आयबीयू म्हणतात, मोठ्या खपाच्या हलक्या लागरचा ८ ते १८ च्या आत आणि त्या पिल्सेनवरून नाव पडलेल्या चेक पिल्सनरचा ३० ते ४५. त्यामुळे स्पेशल लेबलवर पिल्सनर लिहिलंय आणि जिभेला कडूचा पत्ताच नाही, तर तिथे नक्की संशय घ्या.

आमच्या ओटीवर काय झालं ते सांगतो. चाखणारे चार, मी, आतेभाऊ, मामा आणि वहिनी, वाढपी म्हणून भाचा, बावीस वर्षांचा, त्याला चाखायला मिळालं नाही म्हणून तो फेरीगणिक जास्तच कडक होत गेला. आतेभावाला, ज्याने बाटल्या आणल्या, तीनपैकी एक आली. मला दोन. मामाला पण दोन, आणि त्याने तिसरी चुकली ती मांदेलीच्या विचारात असं जाहीर केलं. वहिनी, जी एरवी अर्ध्या पिंटवर थांबते, तिच्या तिन्ही बरोबर, आणि तिच्या कागदावर प्रत्येक वेळी वेगळ्या फुलपात्रापुढे भाजणी, भाजणी, आणि एका फेरीत, जिथे साधी एकटी होती तिथे, पेज.

मग भाच्याने मागची बारीक अक्षरं वाचली. साध्या लागरमध्ये सातूचा माल्ट आणि तांदूळ, स्पेशलमध्ये तांदूळ नाही, नुसता माल्ट. हे आधी वाचलं असतं तर सगळ्यांच्या कागदावर भाजणी आली असती, म्हणून घटक शेवटी. मामा क्षणभर गप्प बसला आणि मग म्हणाला, "तांदूळ काढून घेतल्यान म्हणून पैसे जास्त?"

प्रश्न अगदीच चुकीचा नाही, माल्ट तांदळापेक्षा महाग पडतो, पण जास्तीचे पैसे कितपत माल्टचे आणि कितपत त्या खोक्याचे आणि ग्लासचे हे ज्याचं त्याने ठरवावं. मला विचाराल तर ती बिअर चांगली होती, फार ग्रेट नाही, दोन बाटल्या आनंदाने घेईन, चारच्या खोक्यासाठी गावभर फिरणार नाही. जेवणाबरोबर मात्र साधीच जास्त जमली. मांदेली तांदळाच्या पिठात कुरकुरीत तळून आली तेव्हा त्या हलक्या, पटकन संपणाऱ्या लागरने तोंड दर वेळी साफ केलं, स्पेशल माशावर थोडी बसली. तिच्याबरोबर तळलेले फणसाचे गरे आणि भाजलेले काजू बरे लागले. सोलकढी दोन्हींबरोबर नको, आंबट आणि नारळाच्या दुधात बिअर कडू होऊन वेगळी पडते.

उरलेली उतरलेली बिअर फेकू नका, बोंबलाच्या पिठात पाण्याऐवजी घाला, भजी हलकी होतात. पाऊस सुरू झाला की करवंटीत ओतून भाजीच्या वाफ्यात काठापर्यंत पुरली तर गोगलगाई त्यात येऊन पडतात, हे आमच्याकडे दर जूनला चालतं. आणि प्यायल्यावर गाडीला हात नाही, रात्री समुद्रात पण जायचं नाही.

तो फुकटचा ग्लास आता आईने सोलकढीला लावलाय. परवा त्यात एक लागर ओतून बघितली, फेस मिनिटभरही थांबला नाही.